आगंतुक टपाल

टपाल ही मुंबईतल्या चाकरमान्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट. लालबाग-परळच्या चाळींत पोस्टमनची हाक आली की अर्धा मजला कठड्याशी गोळा होई, कारण त्या पिशवीत गावाकडची खुशाली असे, मनिऑर्डर पोचल्याची पावती असे, आणि नशीब असेल तर एखाद्या तरण्या पोराच्या नेमणुकीचा कागदही असे. त्याच पिशवीतून अधूनमधून एक निराळे कार्ड येई. माथ्यावर देवाचे नाव आणि खाली मजकूर असा की, हे पत्र वाचून जो अकरा जणांना अशीच पत्रे धाडील त्याची भरभराट होईल, आणि जो फाडून टाकील त्याच्या घरावर संकट येईल. संतोषीमातेच्या, तिरुपतीच्या बालाजीच्या नावाने आलेली अशी कार्डे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील; घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या समाधानासाठी काहींनी ती लिहून टाकलीही असतील. परंतु त्या उपद्रवाला एक अंगभूत लगाम होता. अकरा कार्डे म्हणजे अकरा कार्डांचे पैसे आणि बोटे अवघडेपर्यंत लिहिणे. लिहिणारा कंटाळला की साखळी तुटली.

संगणकावर किंवा हातातल्या फोनवर ई-मेलने येणारे जे आगंतुक टपाल, ज्याला ‘स्पॅम’ किंवा ‘जंक मेल’ म्हणतात, त्याला हा लगाम नाही. आजच्या विषयाची सारी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते, म्हणून तिचा हिशेब आधी करू.

कामगार चळवळीत ज्याने काही वर्षे काढली त्याला पत्रक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गेटसभेसाठी पाच हजार पत्रके काढावयाची तर कागद आणावा लागतो, छापखानेवाल्याची मागची बाकी चुकवावी लागते, आणि पहिल्या पाळीच्या वेळी दरवाजावर उभी राहून ती वाटणारी माणसे लागतात. म्हणून पत्रकातली ओळ न् ओळ तोलली जाते, आणि ज्याचा त्या कारखान्याशी संबंध नाही त्याच्या हातात ते देण्याची चैन कोणी करीत नाही. ई-मेलचे तसे नाही. एक पत्र पाठवावयाला जे पडते, जवळजवळ तेवढ्यातच लाख पत्रे जातात. मग मजकूर तोलण्याचे आणि माणसे निवडण्याचे कारणच उरत नाही.

हा धंदा चालतो कसा याचा पडताळा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आणि सॅन डिएगो येथील संशोधकांनी २००८ साली घेतला. असल्या टोळ्या स्वतःची यंत्रे फारशी वापरीत नाहीत. तुमच्या-आमच्यासारख्यांच्या हजारो संगणकांत चोरून शिरकाव करून, मालकाच्या नकळत, त्यांच्याकडूनच पत्रे धाडवितात. संशोधकांनी अशा एका चोरट्या जाळ्याच्या आत प्रवेश मिळविला आणि काही पत्रांतला दुकानाचा पत्ता बदलून त्या जागी आपण उभारलेल्या खोट्या, निरुपद्रवी दुकानाचा पत्ता घातला. औषधांची जाहिरात करणारी सुमारे ३५ कोटी पत्रे २६ दिवसांत निघाली. त्यांतून खरेदीच्या पायरीपर्यंत आलेली गिऱ्हाइके किती? अवघी २८!

सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक, असे हे प्रमाण पडते. २०११ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख भरली होती. म्हणजे मुलाबाळांसकट मुंबईच्या हरएक माणसाच्या हातात एकेक पत्र द्यावयाचे, तेव्हा कोठे एक गोळ्यांची बाटली खपावयाची. आमच्या पत्रकाच्या हिशेबाने, नगाला आठ आणे धरले तरी हा साडेबासष्ट लाखांचा खर्च झाला. असला धंदा छापखान्याच्या जोरावर एक दिवस चालणार नाही. ई-मेलवर तो चालतो.

पण खर्च नाहीसा झाला आहे असे मात्र कोणी समजू नये. तो दुसऱ्याच्या डोक्यावर गेला आहे. पत्र पाहावयाचे, ओळखावयाचे आणि टाकून द्यावयाचे याला दोन सेकंद धरा. सव्वा कोटी पत्रे जर खरोखरीच माणसांपुढे आली तर अडीच कोटी सेकंद, म्हणजे ६,९४४ तास, म्हणजे आठ तासांच्या ८६८ पाळ्या झाल्या. एवढ्या पाळ्या लोकांनी बिनमजुरीने भरल्या, त्या कोणाच्या तरी एका बाटलीच्या विक्रीसाठी. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे वाटेतच अडविली जातात हे खरे. पण ती अडविणारी यंत्रे, त्यांची वीज आणि ती सांभाळणारी माणसे यांचा खर्चही शेवटी वापरणाऱ्यावरच बसतो. वेठबिगार याहून निराळी काय असते, हे मला कोणी समजावून द्यावे.

हा धोका आधी कोणाला दिसला नव्हता असेही नाही. जॉन पोस्टेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ च्या नोव्हेंबरात एक लहानसे टिपण लिहून ठेवले की, या जाळ्यात कोणी नको ती पत्रे पाठवू लागला तर ती नाकारण्याची सोय घेणाऱ्याला नाही. अडीच वर्षांतच, १९७८ च्या मे महिन्यात, गॅरी थुर्क नावाच्या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाची जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकदम पाठविली. आद्य स्पॅमचा मान त्याला दिला जातो. ‘स्पॅम’ हे नाव मात्र मागाहून चिकटले. ते मुळात डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे नाव. १९७० साली इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर एक प्रहसन झाले. त्यातल्या खाणावळीत कोणताही पदार्थ मागा, त्यात स्पॅम असावयाचेच. नको म्हटले तरी पानात पडणारी वस्तू, असा त्याचा अर्थ झाला.

आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळच्या मुंबईच्या ई-मेल पत्त्यांत ‘जीआयएएसबीएम’ अशी अक्षरांची माळ असे आणि त्यातला ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी करावयाची, ती लागेपर्यंत यंत्राची किरकिर ऐकावयाची, आणि लागली की तासांचा हिशेब सुरू. त्या दिवसांत एक आगंतुक पत्र उतरवून घेण्याला रोख पैसे पडत, म्हणून लोक त्याच्यावर चिडत. आता मीटर दिसत नाही, म्हणून चीडही गेली. लोक म्हणतात, ‘पडेना का कोपऱ्यात!’ जाहिरातींपुरते हे म्हणणे मी एक वेळ मान्य करीन. पण आगंतुक टपालात केवळ जाहिराती नसतात.

आता पत्र प्रवास कसे करते ते पाहू. पाठविणारा संगणक घेणाऱ्या संगणकाला तीन गोष्टी सांगतो: मी अमक्याकडून आलो आहे, पत्र तमक्यासाठी आहे, आणि हे घ्या पत्र. या देवाणघेवाणीचे नियम १९८२ साली त्याच पोस्टेलने लिहिले. ‘अमक्याकडून’ हे खरे की खोटे याची चौकशी त्यांत नव्हती, कारण तेव्हा जाळ्यावर मोजकी, एकमेकांस ओळखणारी माणसे होती. पोस्टकार्डावर ‘प्रेषक’ म्हणून मी नगरपालांचे नाव लिहिले तर पेटीतून ते कार्ड काढणारा शिपाई काही नगरपालांना विचारावयाला जात नाही. ई-मेलचे तसेच होते. पुढे तीन पहारे बसविण्यात आले. पहिला असा की, माझे टपाल कोणत्या यंत्रांनी वाहावे याची यादी संस्थेने उघड टांगून ठेवावयाची. दुसरा म्हणजे पत्रावर संस्थेची गणिती मोहोर. तिसरा म्हणजे, ही तपासणी फसली तर पत्र घ्यावे, बाजूला ठेवावे की परतवावे, याबद्दल संस्थेची जाहीर सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. शिवाय जाहिरातीच्या पत्रांत एका दाबणीसरशी यादीतून नाव काढण्याची सोय ठेवण्याचेही बंधन घातले. हे काम चांगले झाले. पण त्याची हद्द ओळखली पाहिजे. पत्र ज्या घराचे नाव सांगते त्याच घरातून आले, एवढीच ग्वाही हे पहारे देतात. त्या घरात सज्जन राहतो की चोर, हे ते सांगत नाहीत. चोरालाही एक गाळा भाड्याने घेऊन वर ऐटदार पाटी लावता येते.

परदेशी राजपुत्राची इस्टेट, अनोळखी लॉटरीचे बक्षीस, अशा पत्रांचा वेडगळपणा पाहून आपणांस हसू येते. इतके कच्चे खोटे कोणी का लिहावे? मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याचे जे उत्तर दिले ते मला फार पटले. पत्र पाठवावयाला काही लागत नाही. पण उत्तर देणाऱ्याशी पुढे आठवडेच्या आठवडे बोलत बसावयाला माणूस आणि वेळ लागतो. म्हणून चोराला शंकेखोर माणसाचे उत्तर नकोच असते. कथा मुद्दाम वेडगळ ठेवली की शहाणे आपोआप गळतात आणि भोळे तेवढे उरतात. म्हणजे तो वेडगळपणाही एक चाळणीच. जाता जाता एक गंमत सांगतो. नायजेरियाच्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमावरून या पत्रांना जगभर ‘चारशे एकोणीस’ म्हणतात. आपल्या जुन्या भारतीय दंडविधानातही ४१९ हे तोतयेगिरीचेच कलम होते आणि त्याच्या शेजारचे ४२० तर आपल्या बोलीत जाऊन बसले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि दोन्ही आकडे कायद्यातून गेले. बोलीतला चारशेवीस मात्र कोणतीही संसद रद्द करील असे वाटत नाही.

हसण्याजोगी पत्रे इथे संपली. खरी भीती साध्या, सरकारी थाटाच्या पत्रांची आहे. ‘आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याची केवायसी अपूर्ण आहे. ४८ तासांत पूर्ण न केल्यास रक्कम गोठविली जाईल.’ ‘बँकेचे खाते बंद होत आहे.’ ‘प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला आहे, येथे दाबा.’ मासे धरणारा गळ टाकून बसतो तसा हा प्रकार असल्याने इंग्रजीत त्याला ‘फिशिंग’ असेच नाव आहे. तीस-पस्तीस वर्षे यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस सरकारी कागदाला बिचकतो. आयुष्यभर प्रत्येक कागदाने त्याला मुदतच घातलेली असते. त्या भीतीवरच हा गळ लागतो.

आमच्या एका निवृत्त सभासदाच्या बाबतीत असेच घडले. पत्रातला दुवा दाबला, खाते क्रमांक भरला, फोनवर आलेला ओटीपीचा आकडा भरला, आणि ग्रॅच्युइटीची निम्मी रक्कम दहा मिनिटांत गेली. हा गृहस्थ मोठा हिशेबी. कामगारांच्या पतपेढीचे हिशेब त्याने वर्षानुवर्षे तपासले होते. नुकसानीहून मला जास्त लागले ते पुढचे. अकरा दिवस त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही, युनियनमध्येही नाही. ‘लोक काय म्हणतील, हिशेबनीस म्हणवतो आणि फसला!’ अकरा दिवसांनंतर जे करता येते ते फार थोडे असते.

यासाठी १९३० हा क्रमांक प्रत्येकाने पाठ करावा. पैशाच्या सायबर फसवणुकीची तक्रार या क्रमांकावर नोंदविता येते. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी पळविली जाते; ती वाटेत कोठे तरी उभी असताना बँकांना कळले तर गोठविता येते, आणि एकदा रोख होऊन बाहेर पडली की हाती लागणे कठीण. म्हणून पहिला तासच मोलाचा. त्याच दमात बँकेलाही कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी त्याने बँकेला कळविल्यानंतर जे जाईल ते नुकसान बँकेचे. म्हणजे गप्प बसण्याची किंमतही रुपयांत मोजावी लागते.

नोकरीची पत्रे हा दुसरा गळ. गिरण्या गेल्या, मागोमाग कारखाने गेले, आणि त्या घरांतली शिकलेली मुले दिवसाला वीस-वीस अर्ज करू लागली. अशा मुलाला विमान कंपनीच्या किंवा रेल्वेच्या नावाने नेमणूकपत्र येते आणि गणवेशासाठी, वैद्यकीय तपासणीसाठी ‘परत मिळणारे’ डिपॉझिट मागितले जाते. नोकरीच्या निमित्ताने माहिती उपटण्याचा प्रकार आपल्या न्यायालयांपुढे फार पूर्वी आला आहे. नोकरभरतीचा व्यवसाय करणाऱ्या काही लोकांनी ‘नॅसकॉम’ या संगणक उद्योगाच्या संघटनेच्या नावाने ई-मेल पाठवून लोकांची माहिती गोळा केली. मार्च २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या प्रकाराला बेकायदा ठरविले आणि पाठविणाऱ्यांनी १६ लाख रुपये भरपाई देण्याचे कबूल केले. मी पोरांना एकच विचारतो: कामावर ठेवण्यापूर्वी जो कामगाराकडेच पैसे मागतो तो मालक कसला? आणि परदेशच्या नोकरीचे आमिष आले तर पैशाहून मोठी किंमत पडू शकते. म्यानमारच्या सरहद्दीवरील आवारांत अशाच नोकऱ्यांच्या आशेने गेलेले तरुण कोंडले गेले आणि त्यांच्याकडून जगभरच्या लोकांना फसविण्याचे संदेश लिहून घेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांतून पाचशेहून अधिक भारतीयांना तेथून परत आणले. तेव्हा संदेश लिहिणाराही एखादे वेळी पहाऱ्यात बसलेला कोणाचा तरी मुलगा असतो, हे मनात असू द्यावे. पैसे मात्र पाठवू नयेत.

खऱ्या-खोट्याची पारख करावयाला इंग्रजीची पदवी लागत नाही. पत्ता उजवीकडून वाचावयाची सवय लागते. पाकिटावर वर काहीही नाव लिहिलेले असो, शेवटी ‘मुंबई ४००००४’ असेल तर ते गिरगावातच जाणार. ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या चिन्हानंतरचा भाग पाहावा आणि त्याचीही अखेर पाहावी. दुव्यामध्ये सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधावी आणि तिच्या डावीकडचे शब्द उलटे वाचीत जावे. भविष्यनिर्वाह निधी संघटनेचे संकेतस्थळ ‘ईपीएफइंडिया डॉट गव्ह डॉट इन’ असे आहे. यातील ‘गव्ह डॉट इन’ ही अखेर केवळ सरकारी संस्थांना मिळते. चोर ‘ईपीएफइंडिया’ हे नाव पुढे ठेवतो आणि अखेर आपली लावतो. आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचा शब्द दिसला की निश्चिंत होतो, एवढ्यावर त्याचे काम होते. बँकांबाबत आणखी एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या अखेरीखाली आणण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही अखेर बँकेशिवाय इतरांस मिळत नाही. ज्यांच्या घरी गिरणी कामगारांच्या घरांचा अर्ज पडून आहे त्यांनी हीच पारख म्हाडाच्या नावाने येणाऱ्या पत्रांना लावावी. आपण कोणीही दलाल नेमलेला नाही, असे म्हाडाला सोडतीच्या वेळी पुन्हा पुन्हा सांगावे लागते, ते उगाच नव्हे.

आता चाळणीविषयी. आपल्या टपालात ‘स्पॅम’ नावाचा एक वेगळा कप्पा असतो आणि यंत्र संशयित पत्रे परस्पर त्यात टाकते. ते कसे ओळखते? पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने २००२ साली एक साधी रीत लोकप्रिय केली. हजारो चांगली पत्रे आणि हजारो आगंतुक पत्रे घ्यावयाची आणि प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो याचे टाचण ठेवावयाचे. ‘बक्षीस’, ‘त्वरित’, ‘मोफत’ हे शब्द एका ढिगात फार. ‘बोनस’, ‘सभासद’, ‘इतिवृत्त’ हे माझ्या टपालात दुसऱ्या ढिगात फार. नवे पत्र आले की त्यातील शब्दांची साक्ष काढावयाची आणि कौल द्यावयाचा. पुढे या रीतीत पुष्कळ भर पडली. पाठविणाऱ्या यंत्राची पत, दुव्यांची तपासणी वगैरे. मूळ तत्त्व तेच राहिले, आणि त्यातून आपणांस उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. नको असलेले पत्र नुसते पुसून टाकले तर यंत्र काही शिकत नाही. ‘हे स्पॅम आहे’ असे बटण दाबले तर त्या पत्राविरुद्ध एक हात वर होतो, आणि असे पुष्कळ हात वर झाले की तेच पत्र आपल्या शेजाऱ्याच्या टपालातही अडते. युनियनच्या माणसाला ही पद्धत आवडावी यात नवल नाही. फुकट राबवून घेणाऱ्याविरुद्ध एकट्याने शिव्या देण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही बरा.

पाठविणाऱ्याचा पुरवठा तोडला तर काय होते हेही एकदा दिसले आहे. अमेरिकेतील सॅन होजे येथे मॅककोलो नावाची एक कंपनी अशा टोळ्यांच्या सूत्रचालक यंत्रांना जागा देत असे. ११ नोव्हेंबर २००८ रोजी तिला जाळ्याशी जोडणाऱ्या कंपन्यांनी तिची जोडणी काढली, आणि जगातले आगंतुक टपाल एका दिवसात निम्म्याहून खाली आले. काही महिन्यांत टोळ्यांनी दुसरी जागा शोधली, ती गोष्ट वेगळी.

घरच्या घरी करावयाच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. पत्ते दोन ठेवावे. एक बँक, निधी, दवाखाना आणि नात्यातली माणसे यांच्यासाठी, दुसरा दुकानाच्या बिलावर, सोडतीच्या कुपनावर आणि मॉलमधल्या वहीत लिहावयाला. दुसरा घाण झाला तर टाकून देता येतो. दादरच्या ज्या दुकानात आपण खरेदी केली आहे त्याच्या जाहिराती नकोशा झाल्या तर खालचे ‘अनसबस्क्राइब’ खुशाल दाबावे. पण अनोळखी पत्रातले तेच बटण दाबू नये. त्याने या पत्त्यावर जिवंत माणूस आहे एवढेच कळते, आणि अशा पत्त्याला बाजारात जास्त भाव येतो. पत्रातली चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद करून ठेवावी, कारण डोळ्याला न दिसणारे एक ठिपक्याएवढे चित्र उघडले तरी पाठविणाऱ्याला आपण पत्र उघडल्याची वर्दी जाते. ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावरून विचित्र मागणी आली तर उत्तर न लिहिता त्याला फोन करावा. उत्तर लिहून चौकशी केली तर ती चोराकडेच जाणार.

कायद्याचे काय, असे आपण विचाराल. फोन आणि एसएमएसच्या बाबतीत १९०९ हा क्रमांक आहे. तेथे जाहिराती बंद करून घेता येतात आणि तक्रारही करता येते. ई-मेल त्या व्यवस्थेत येत नाही. अमेरिकेने २००३ साली आगंतुक ई-मेलसाठी स्वतंत्र कायदा केला; आपल्याकडे तसा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले होते. त्याच्या एका पोटकलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठविणाऱ्याबद्दल दिशाभूल करण्यासाठी केलेल्या ई-मेलचा उल्लेख होता. म्हणजे आपला विषय त्यात होता. पण ‘त्रास’ म्हणजे काय याची व्याख्या नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुराबद्दल अटक झाली तेव्हा हेच कलम लावले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले, आणि ते योग्यच झाले असे मी म्हणेन. ज्याने पत्रक काढल्याबद्दल पोलीस चौकी पाहिली आहे त्याला असल्या कलमाचा मोह पडत नाही. तोतयेगिरी करून फसविणाऱ्याला ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाख रुपयांपर्यंत दंड आहे. निव्वळ त्रासदायक जाहिरातीसाठी मात्र आज आधार शोधावयाचा तो २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात. माझी माहिती माझ्या संमतीशिवाय वापरू नये, दिलेली संमती मला मागे घेता यावी, हे तत्त्व त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने यावयाचा आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्याच मंडळींसाठी. गणेशोत्सव मंडळे, पतपेढ्या, भाडेकरू संघ, युनियन यांची पत्रे आजकाल सभासदांच्या स्पॅमच्या कप्प्यात सापडतात आणि मग सभेला गणपूर्ती होत नाही. चिटणीस एका दमात तीनशे पत्ते वरच्या ओळीत भरतो, विषयाच्या जागी ‘अत्यंत तातडीचे’ लिहितो, सोबत मोठमोठी चित्रे जोडतो, आणि ज्याने राजीनामा दिला त्याचे नावही यादीत तसेच ठेवतो. यंत्राने याला आगंतुक समजावे यात त्याचा दोष नाही. शिवाय तीनशे सभासदांचे पत्ते तीनशे जणांच्या हाती पडतात. त्यातल्या एकाचा संगणक बिघडला की सारी यादी बाहेर जाते. पत्ते ‘बीसीसी’च्या ओळीत घालावे म्हणजे ते एकमेकांस दिसत नाहीत. विषयाच्या जागी सभेची तारीख आणि ठिकाण लिहावे. जे नको म्हणतील त्यांचे नाव त्याच दिवशी काढावे. आणि सभासदांनी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, तो स्पॅमचा कप्पा उघडून पाहावा. आतला कोणताही दुवा न दाबता, नुसती नावे वाचावी, आणि त्यात आपल्या मंडळाची सूचना सापडली तर ‘हे स्पॅम नाही’ असे बटण दाबून तिला बाहेर काढावे.